मालडब्यात मावलेलं शेत: कॅनडाच्या प्रेअरीकडे रेल्वेने बिऱ्हाड हलवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा देशभर पसरलेला मार्ग ७ नोव्हेंबर १८८५ रोजी जोडला गेला. त्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंत असंख्य शेतकऱ्यांनी जमीन मागे सोडून बाकी सगळी शेती एका मालडब्यात भरली आणि मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या प्रेअरी प्रांतांची, म्हणजे गवताळ मैदानांची, वाट धरली. कोणी ऑन्टारिओतून निघाले, तर कोणी अमेरिकेतल्या आयोवा, मिनेसोटा, डाकोटामधून. रेल्वेच्या दरपत्रकात या मालाला ‘सेटलर्स इफेक्ट्स’ (वसाहतवाल्यांचं सामान) असं वेगळं नाव आणि वेगळा दर होता. खालची उत्तरं मुख्यतः १९०० ते १९१४ या काळाची आहेत. नियम तोवर पक्के झाले होते आणि वाहतूकही याच काळात सर्वांत जास्त झाली.

शेत हलवायचं म्हणजे नेमकं काय काय हलवायचं?

कामाचे घोडे किंवा बैल, एक-दोन दुभत्या गाई, कोंबड्या, नांगर, कुळव, पेरणीयंत्र, गवत कापायचं यंत्र, घोडागाडी, खोगीर-लगामांचा साज, बियाणं, चूल, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, हत्यारांची पेटी आणि पहिली झोपडी उभी राहील एवढं लाकूड. बर्फ वितळल्यावर दुसऱ्याच दिवशी नांगर जमिनीत घालता यावा, या हिशेबाने यादी करायची. त्यात न बसणारी वस्तू गावातच लिलावात विकून रोकड करणं शहाणपणाचं होतं. दिवाणखान्यातलं जड कपाट जितकी जागा अडवतं, तितक्या जागेत एका घोड्याची आठवडाभराची वैरण बसते.

तिथे जाऊन विकत घेणं सोपं नव्हतं का?

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना सोपं होतं. १८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टनुसार १६० एकर जमीन १० डॉलर नोंदणी शुल्कात मिळायची. अट एवढीच की तीन वर्षं, दर वर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं आणि ठरलेली जमीन लागवडीखाली आणायची. जमीन जवळजवळ फुकट असल्यामुळे खरा खर्च जनावरांचा आणि अवजारांचाच होता. वसंतात एकाच स्टेशनवर शेकडो कुटुंबं उतरली की घोड्यांचे भाव वाढणारच. १९०३ च्या एप्रिलमध्ये आयझॅक बार या पाद्र्याने ब्रिटनहून आणलेले वसाहतवाले सॅस्कटूनला उतरले, तेव्हा बहुतेकांना बैल, घोडे आणि गाड्या तिथेच खरेदी कराव्या लागल्या. जनावरं जुंपायचा अनुभव नाही आणि भाव विकणारा सांगेल तो, अशी त्यांची अडचण झाली. घरचं जनावर असलं की त्याची खोड, चाल आणि दूध आपल्याला ठाऊक असतं. अनोळखी माळावर पहिल्या हंगामात याचा फार उपयोग होतो.

एका डब्यात काय चालायचं आणि किती?

बंद मालडबा साधारण ३६ फूट लांब असायचा. भाडं डब्याप्रमाणे लागायचं, पण किमान २४,००० पौंड वजनाचं, म्हणजे सुमारे १०.९ टनांचं. माल त्याहून हलका असला तरी भाडं तेवढंच. म्हणून डबा अर्धवट भरून नेण्यात तोटा होता, आणि शेजारी-शेजारी दोन कुटुंबं मिळून एक डबा घ्यायची.

घोडे, खेचरं, गाई, वासरं, मेंढ्या, डुकरं सगळी मिळून दहा जनावरं चालत. त्याहून जास्त असतील तर वरच्या प्रत्येकाचं वेगळं भाडं. घरसामान, गाड्या, अवजारं ही सगळी वापरलेली हवीत. लाकूड पाइन, हेमलॉक किंवा स्प्रूस या मऊ जातींचंच, छपराच्या फळ्या धरून दोन ते अडीच हजार बोर्डफूट. एक बोर्डफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी. लाकडाऐवजी सुटं करून नेता येणारं तयार घर चालायचं, पण दोन्ही एकत्र नाही. शिवाय बियाण्याचं धान्य, थोडी झाडांची रोपं, थोड्या कोंबड्या आणि वाटेपुरती वैरण.

डब्याच्या टपावर काहीही ठेवायला सक्त मनाई होती. पूल, बोगदे आणि टपावरून चालत ब्रेक लावणारे कर्मचारी, तिघांनाही त्यातून धोका. तसंच वाटेत एखाद्या स्टेशनवर थांबवून अर्धा माल उतरवता येत नसे. बिल्टीवर जे स्टेशन लिहिलं, तिथेच अख्खा डबा जायचा.

नवीन सामान का चालत नसे?

हा सवलतीचा दर वसाहतीला येणाऱ्यासाठी होता, दुकानदारासाठी नव्हता. नव्या नांगरांचा डबा ‘माझं घरसामान’ म्हणून सवलतीत पाठवला गेला, तर रेल्वेचं नेहमीचं भाडं बुडतं. रेल्वेला वसाहत हवी होती कारण पुढे दरवर्षी त्याच शेतकऱ्याचा गहू तिच्याच गाडीतून जाणार होता. स्वस्त भाड्यामागचा हिशेब तो होता.

डबा भरायचा कसा?

सगळं यश-अपयश इथेच ठरतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

डब्याला दोन्ही बाजूंना मधोमध सरकते दरवाजे असतात. त्यावरून डब्याचे तीन भाग पडतात. एका टोकाला जनावरं, दुसऱ्या टोकाला सामान, आणि दरवाजांमधली जागा वैरण, पाणी व सोबतच्या माणसासाठी. मधला भाग कितीही मोह झाला तरी सामानाने भरू नये. तो बुजला तर जनावरांपर्यंत पोचता येत नाही आणि आग लागली तर बाहेर पडता येत नाही.

आधी सामानाचं टोक भरा. सर्वांत जड वस्तू तळाला आणि डब्याखालच्या चाकांच्या बरोबर वर येईल अशी: नांगर, यंत्रांचे लोखंडी सांगाडे, चूल. वजन डाव्या-उजव्या बाजूंना सारखं वाटा. एका बाजूला भार झुकला की वळणावर डबा डोलतो आणि माल सरकू लागतो. घोडागाडीची चारही चाकं काढून भिंतीला उभी टेकवा, साटा (गाडीचा वरचा भाग) उलटा न ठेवता सुलटा ठेवून त्यातच पेट्या आणि पोती रचा. यंत्रांची पाती काढून पोत्यात गुंडाळा, दांडे मोकळे करा, आणि सुटे झालेले नटबोल्ट एका डब्यात भरून त्याच यंत्राला तारेने बांधा. प्रेअरीवर लोहार वीस मैलांवर असू शकतो. हरवलेल्या एका बोल्टपायी पेरणी अडते.

प्रत्येक जड वस्तूभोवती जमिनीला लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकायचे. नुसत्या दोराने बांधलेलं सामान शंटिंगच्या (यार्डात डबे जोडण्या-सोडण्याच्या) धक्क्याने दोरासकट पुढे जातं. दोन डबे जोडताना बसणारा धक्का चालत्या गाडीच्या हिसक्यापेक्षा कितीतरी जोरदार असतो, आणि बहुतेक मोडतोड यार्डात होते. चिनी मातीची भांडी ओटच्या पोत्यात खोल खुपसा, काच गाद्यांच्या मध्ये ठेवा.

मग जनावरांचं टोक. घोडे आणि गाई यांच्यामध्ये जाड फळ्यांचा आडणा हवा. फळ्या उभ्या खांबांना खिळवा, आणि खांब जमिनीला व छताच्या तुळईला. याच फळ्या पुढे झोपडीला लागतात, म्हणून त्या आखूड कापू नका. जनावरांची तोंडं डब्याच्या मध्याकडे ठेवली की गव्हाण मधल्या जागेच्या कडेला येते आणि माणसाला लाथेच्या टप्प्यात न जाता चारा टाकता येतो. दावं एवढंच लांब ठेवा की मान खाली घालून खाता येईल, पण पाय दाव्यात अडकणार नाही. जमिनीवर पेंढ्याचा जाड थर. ओल्या फळीवर नाल मारलेला घोडा घसरून पडला, तर चालत्या डब्यात त्याला उभं करणं जवळजवळ अशक्य असतं. एकमेकांना ओळखणारी जोडी शेजारी बांधा, अनोळखी घोडे कधीही नाही.

कोंबड्यांची खुराडी सामानाच्या वर, जनावरांच्या उबेजवळ. बियाण्याचे बटाटे मार्चच्या थंडीत गोठून काळे पडतात. ते भिंतीला न लावता मधोमध, गवताच्या गासड्यांखाली ठेवावेत.

शेवटी, दरवाजाजवळ: कंदील, बादल्या, फावडं, कुऱ्हाड, हातोडा, खिळे, जादा दावी, माणसाचं जेवण. हे सामान आत गाडलं गेलं तर वाटेत त्याचा काही उपयोग नाही.

वैरण आणि पाणी किती न्यायचं?

चार घोडे आणि चार गाई धरा. मोठ्या जनावराला दिवसाला सुमारे १० किलो सुकं गवत लागतं. दहा दिवसांचे ८०० किलो होतात. वर दोन-तीन दिवसांची जादा वैरण ठेवा. बर्फाच्या वादळात गाडी साईडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, अडकली, तर तिथे विकत काहीच मिळत नाही. गवत दाबलेल्या गासड्यांचंच हवं, मोकळं गवत डबा भरून टाकतं. घोड्यांचा ओट कमी करा. दिवसभर उभ्या घोड्याला कामाच्या दिवसाइतका खुराक दिला तर पोटशूळ होतो किंवा पाय सुजतात.

पाण्याचा हिशेब अनेकांचा चुकतो. आठ मोठ्या जनावरांना दिवसाला ३०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप एक दिवसही पुरत नाही. पिंप फक्त अडीअडचणीसाठी. खरं पाणी वाटेतल्या स्टेशनांवर, इंजिनाच्या पाण्याच्या टाकीजवळ, बादल्यांनी आणायचं. गाडी किती वेळ थांबणार हे गार्डला विचारून मगच उतरावं. पिंप काठोकाठ भरू नये, रात्री पाणी गोठून फुगलं की पट्ट्या निसटतात.

जनावरांसोबत कोण जायचं आणि कुटुंब कसं यायचं?

जनावरं असलेल्या डब्याबरोबर एका माणसाला फुकट पास मिळायचा, त्यांना चारा-पाणी घालायच्या अटीवर. तो माणूस डब्यातच किंवा गार्डच्या डब्यात झोपायचा. बाकीचं कुटुंब प्रवासी गाडीच्या कॉलनिस्ट (वसाहतवाल्यांसाठीच्या साध्या) डब्यातून जायचं. त्यात फळ्यांची बाकं ओढून रात्री झोपायची सोय आणि डब्याच्या टोकाला स्वयंपाकाची चूल असायची, अंथरूण-पांघरूण मात्र आपलं आपण. मार्च-एप्रिलमध्ये टोरंटोहून दर मंगळवारी खास वसाहत-गाड्या सुटत. जनावरं आणि सामान घेऊन निघालेल्यांना त्यातल्या एका गाडीत डबे जोडून मिळत, त्यामुळे कुटुंबाची आणि डब्याची फारशी ताटातूट होत नसे.

भाडं वाचवायला मोठ्या मुलाला किंवा भावाला गवताच्या गासड्यांमागे लपवण्याची पद्धत सर्रास होती. त्यात तपासणीपेक्षाही मोठा धोका होता. शंटिंगच्या धक्क्याने गासड्या कोसळल्या की आतला माणूस दबायचा.

प्रवासाला किती दिवस लागत?

टोरंटो ते विनिपेग हे अंतर रेल्वेने सुमारे २,००० किलोमीटर. तिथून पुढे सस्कॅचेवान किंवा अल्बर्टा आणखी पाचशे ते दीड हजार किलोमीटर. मालगाडीला एक आठवडा चांगला धरा, दोन आठवडे लागले तरी नवल नाही. मार्चमध्ये निघायचं कारण पेरणी. मे महिन्याच्या आत गहू पडला नाही तर शरदातल्या पहिल्या कडाक्यात तो गोठतो. पहिल्या वर्षी नवी जमीन फोडायची असल्याने वेळ आणखी कमी.

वाटेत जनावरांना उतरवावं लागायचं का?

अमेरिकन हद्दीतून येत असाल तर १९०६ चा कायदा लागू व्हायचा. जनावरांना सलग २८ तासांपेक्षा जास्त डब्यात कोंडता येत नसे. मालकाने लेखी मागणी केली तर ३६ तास. त्यानंतर उतरवून किमान पाच तास चारा, पाणी आणि विसावा. पण ज्या डब्यात जनावरांना खायला, प्यायला आणि विसाव्याला पुरेशी जागा असते आणि त्यांना ते प्रत्यक्ष मिळतं, तिथे उतरवण्याची सक्ती नव्हती. म्हणून दहाच्या दहा जनावरं दाटीवाटीने कोंबण्यापेक्षा आठ नेऊन बसायला जागा ठेवणं फायद्याचं ठरायचं. दर थोड्या अंतरावर उतरवणं आणि पुन्हा चढवणं यातच घोडे पाय मोडून घेतात.

सरहद्दीवर काय तपासलं जायचं?

सस्कॅचेवानमधलं नॉर्थ पोर्टल आणि मॅनिटोबातलं एमर्सन ही अमेरिकेतून येणाऱ्या वाटेवरची मोठी ठाणी. जनावरं करमुक्त न्यायची तर ती येण्याआधी किमान सहा महिने आपल्या मालकीची हवीत. जकातीची ही मर्यादा डब्यातल्या दहा जनावरांच्या रेल्वेच्या मर्यादेहून वेगळी होती: फक्त घोडे असतील तर १६, फक्त गाईगुरं असतील तर १६, फक्त मेंढ्या १६०, फक्त डुकरं १६०. मिश्र असतील तर त्याच प्रमाणात. छापील अर्जावर प्रत्येक वस्तूचं वर्णन आणि किंमत लिहून शपथ घ्यावी लागे. करमुक्त आणलेली वस्तू बारा महिने स्वतः वापरल्याशिवाय विकता येत नसे.

गुरांसाठी आरोग्याचा दाखला बरोबर असला तर खोळंबा टळे. नसला तर तपासणी व्हायची, आणि क्षयाची लक्षणं दिसली तर ट्युबरक्युलिनची चाचणी. रोगी जनावर परत पाठवत किंवा भरपाई न देता मारत. डुकरांचे नियम सर्वांत कडक: क्वारंटाइन, शिवाय पाच मैलांच्या परिघात सहा महिन्यांत डुकरांची साथ नव्हती असा दाखला. आमचं मत स्पष्ट आहे: डुकरं गावीच विकून तिथे पिल्लं घेणं परवडायचं. दोन डुकरांसाठी अख्ख्या डब्याचा खोळंबा कोणाला नको.

घरचं बियाणं न्यावं का?

ओट, बार्ली आणि बटाटे जरूर. गहू मात्र विचार करून. ऑन्टारिओत शरदात पेरतात तो हिवाळी गहू प्रेअरीच्या थंडीत टिकत नाही. तिथे वसंतात पेरायचा, लवकर पिकणारा वाण लागतो. आधी रेड फाइफ चालायचा. १९०९ पासून मार्क्विस शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागला, तो रेड फाइफपेक्षा साधारण आठवडाभर आधी पिकायचा, आणि कडाक्याच्या थंडीशी शर्यत असताना तो आठवडा मोलाचा. घरची गवताची गासडी आणि न चाळलेलं बियाणं यांतून तण सोबत येतं, हेही लक्षात ठेवा. उरलेलं गवत नव्या शेतात पसरू नये, जाळून टाकावं.

स्टेशनवर पोचल्यावर पहिलं काम कोणतं?

जनावरं उतरवणं. अनेक छोट्या स्टेशनांवर गुरांचा धक्का नव्हता. डब्याची जमीन रुळांपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच असते, म्हणून लांब जाड फळ्यांचा उतार आपणच करायचा, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि पेंढा टाकायचा. शांत जनावर पहिलं उतरवा, बाकीची त्याच्यामागे येतात. आठवडाभर उभ्या घोड्याला लगेच जुंपू नका. पहिले दोन दिवस नुसतं चालवा.

ज्या स्टेशनवर एजंट नाही तिथला माल भाडं आधी भरल्याशिवाय घेतला जात नसे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावं. डबा ठरल्या मुदतीत रिकामा केला नाही तर डेमरेज (डबा अडवून ठेवल्याचा आकार) लागायचं. म्हणून घोडागाडीची चाकं दरवाजाच्या बाजूला ठेवलेली असली तर बरं. गाडी आधी जुळते आणि बाकीचा माल तिच्यातून हलवता येतो. मोठ्या स्टेशनांवर सरकारी इमिग्रेशन हॉलमध्ये कुटुंबाला काही दिवस फुकट राहता यायचं. तोवर पुरुषमंडळी जमिनीच्या कोपऱ्यावरची मोजणीची खुंटी शोधायला जात.

असंच दुसरीकडे कुठे होत होतं का?

ब्रिटनमध्ये, अगदी १९५० च्या दशकापर्यंत. तिथे एका डब्याऐवजी एक अख्खी खास गाडी ठरवत: गुरांच्या वाघिणी (मालडबे), यंत्रांसाठी सखल उघडे डबे आणि माणसांसाठी प्रवासी डबा. अंतर कमी असल्याने वेळापत्रक दुधाच्या धारांभोवती बांधता यायचं. निघण्यापूर्वी एक धार काढायची, आणि पुढची नव्या गोठ्यात.

आज भारतात रेल्वेने गुरं न्यायची तर?

१९७८ चे प्राणी वाहतूक नियम लागू होतात. ब्रॉडगेजच्या साध्या वाघिणीत जास्तीत जास्त १० मोठी गुरं किंवा १५ वासरं. प्रत्येक जनावराला सरासरी किमान २ चौरस मीटर जागा. पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला आणि प्रत्येक वाघिणीत किमान एक माणूस. गुरं रुळांना समांतर, तोंडं समोरासमोर, आणि वैरण मधोमध. छातीशी दोन आडवे बार: एक ६० ते ८० सेंटिमीटरवर, दुसरा १०० ते ११० वर. दुभत्या गाईची दिवसातून किमान दोनदा धार काढायची आणि वासरांना पुरेसं दूध पाजायचं. वाघिणी गाडीच्या मध्यभागी जोडायच्या, शक्यतो रात्री चालवायच्या. आत स्वयंपाक करायचा नाही. एका बाजूचा वरचा दरवाजा हवेसाठी उघडा, पण इंजिनाच्या ठिणग्या आत येऊ नयेत म्हणून त्याला जाळी लावायची.

गाभण गाय दिवस भरत आलेली असेल तर तिला लहान गुरांबरोबर ठेवता येत नाही. महाराष्ट्रातून गोवंश बाहेर नेताना तो कत्तलीसाठी नाही हे दाखवणारी कागदपत्रं, म्हणजे मालकी, नव्या गोठ्याचा पत्ता आणि पशुवैद्याचा दाखला, सोबतच्या माणसाच्या खिशात हवीत, सामानाच्या पेटीत नकोत.